मुंबईहून आलेलं उत्तर

माझ्या मामानं मला पहिला पिक्चर दाखवला तेव्हा मी सहा वर्षांची होते, आणि त्यातला निम्मा त्यानं मला बघूच दिला नाही. क्लबातला नाच सुरू झाला की त्याचा पंजा माझ्या डोळ्यांवर यायचा. पंजाला टिंक्चर आयोडिनचा वास. सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होता तो, हात कितीही धुतले तरी तो वास जायचा नाही. नाच संपला की पंजा बाजूला व्हायचा आणि मी विचारायची, "काय झालं रे मामा?" तो म्हणायचा, "काही नाही गो बाय, गाणं झालं." पुढे कितीतरी वर्षांनी माझ्या डोक्यात आलं, की माझे डोळे झाकलेले असताना त्याचे उघडे होते की मिटलेले हे मला कळायला काही मार्गच नव्हता. तेव्हा मी धरूनच चालले होते, की मामानंही मान खाली घातली असणार. आमच्यातला सगळ्यात धार्मिक माणूस तो.

आमच्यातला म्हणजे बेने इस्राएलांतला, कोकणातल्या यहुद्यांतला. रत्नागिरीत आमची मोजून सहा घरं. शेजारचे आम्हाला शनिवारवाले म्हणायचे, कारण शनिवारी आमच्याकडे चूल पेटायची नाही. "तुम्ही नक्की कोण गं, मुसलमान की ख्रिश्चन?" हा प्रश्न मला शाळेत दर वर्षी नव्या बाईंनी विचारलेला आहे. मी यहुदी म्हटलं की त्या "असं होय" म्हणायच्या आणि त्यांना काहीही कळलेलं नसायचं. घरात बोलणं मराठीच, अंगावर साडी, हातात हिरव्या बांगड्या. फरक म्हणाल तर ताटात. खवलं नसलेली मासळी आम्हाला चालत नाही, आणि रत्नागिरीत राहून कोळंबी न खाणारा माणूस लोकांना खुळाच वाटतो.

गावात आमचं प्रार्थनामंदिर नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी आमच्याच पुढच्या खोलीत सगळे जमायचे. पूर्ण प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. आमचे कसेबसे अकरा भरायचे, त्यातला एक लांज्याहून एसटीनं यायचा, दुकानाला कुलूप लावून, आणि रविवारपर्यंत आमच्याकडेच राहायचा. पुढे उभं राहून हिब्रू वाचणारा मात्र एकटा मामा. बाकीचे पाठ केलेलं म्हणायचे, पण पुस्तक उघडून न अडखळता वाचायचं आणि सगळ्यांना मागून ओढत न्यायचं, हे त्याच्याशिवाय कुणाला येत नव्हतं.

तो आईचा थोरला भाऊ. त्याची बायको लग्नानंतर दोनच वर्षांत गेली, पोरबाळ नाही, पुन्हा लग्न केलं नाही. आमच्याच घरात मागच्या खोलीत राहायचा. बाबा मुंबईला गोदीत नोकरीला, सणासुदीला यायचे, येताना सुक्या मेव्याचा पुडा आणायचे आणि चार दिवसांनी जायचे. त्यामुळे मला सायकल शिकवली ती मामानं, इंग्रजी शिकवलं ते मामानं, आणि दहावीचा निकाल लागला तेव्हा दवाखान्यातून पळत आला तोही मामाच. वडिलांचं नाव काय म्हणून विचारलं तर मी बाबांचं सांगायची, पण डोळ्यांपुढे यायचा हा.

मी चौदा वर्षांची झाले आणि मामानं मला पिक्चरला नेणं बंद केलं. म्हणाला, "मोठी झालीस आता. आपण रोज म्हणतो ना प्रार्थनेत, डोळ्यांच्या मागं लागून वाहवत जायचं नाही म्हणून? ते नुसतं म्हणायला नाही. डोळ्यानं आत गेलेलं बाहेर काढायला आमच्या दवाखान्यात औषध नाही." मी विचारलं, "मग तू?" तो म्हणाला, "मीही सोडले." मला त्याचं इतकं कौतुक वाटलं. पिक्चरच्या गोष्टी सांगताना डोळे चमकणारा माणूस हा, आणि यानं देवासाठी सोडलं. त्यानंतर रविवारी दुपारी तो मांडवीला एका म्हाताऱ्याला इंजेक्शन द्यायला जायला लागला. सायकलला पिशवी अडकवून जायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. आई म्हणायची, सुट्टीच्या दिवशीही बिचारा लोकांसाठी राबतो.

आता माझं सांगते. ऐंशी सालानंतरचे ते दिवस. गावात व्हिडिओ नुकता आलेला, गल्लीत पडदे लावून एकेका घरात चाळीस माणसं बसायची. मी कॉलेजात होते. आमच्या गावातून एक साप्ताहिक निघायचं, त्यात शेवटच्या पानावर नव्या पिक्चरवर कोणीतरी लिहायचं. कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर मी आईला विचारून एक साधासा घरगुती पिक्चर बघून आले होते, आणि त्याच आठवड्यात या गृहस्थानं छापलं की शेवटी नायिका मरते ते फार हृदयद्रावक आहे. नायिका मरत नाही. तापातून उठते आणि सासूला चहा करून देते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी संपादकांना पत्र लिहिलं, की तुमचे परीक्षक पिक्चर बघतात की नुसती जाहिरात बघतात? आणि त्याच झटक्यात तो पिक्चर मला कसा वाटला तेही दोन पानं लिहून काढलं.

संपादकांचं कार्ड आलं, येऊन भेट. मी गेले. शाईनं बोटं काळी झालेला वयस्कर माणूस, त्यांनी माझी दोन पानं पुढे ठेवली आणि म्हणाले, "पोरी, तू मला शिव्या घातल्यास ते बरोबर आहे. आता असं कर, तूच लिही. दर आठवड्याला." म्हणजे दर आठवड्याला माझं लिखाण छापून येणार, पेनानं वहीत लिहिलेलं नाही, छापलेलं, आणि गावभर लोक वाचणार. मी त्या ऑफिसातून घरी चालत कशी आले ते मला आठवतच नाही. त्याआधी आणि त्यानंतर मला आयुष्यात कुठलीच गोष्ट इतकी हवीशी वाटलेली नाही. लग्नसुद्धा नाही, आणि माझं लग्न काही वाईट झालेलं नाही.

पण अडचण होतीच. पिक्चर म्हटला की त्यात क्लब आला, भिजलेली साडी आली, नको ते सगळं आलं. मी आईला विचारलं. आई म्हणाली, मामाला विचार. मामा म्हणाला, "हे माझ्या अकलेपलीकडचं आहे गो. आपण मुंबईला लिहून विचारू."

मुंबईला आमच्या लोकांत एक फार विद्वान गृहस्थ होते. कुणाला काही शंका आली, की अमुक खावं का, सुतकात तमुक चालेल का, तर लोक त्यांना पत्र घालायचे आणि त्यांचं उत्तर आलं की तो शेवटचा शब्द. मामानं रविवारी सकाळी टेबलाशी बसून पत्र लिहिलं आणि एकेक वाक्य मला आणि आईला वाचून दाखवलं. माझी भाची, वय एकोणीस, स्वभावानं सरळ, प्रार्थना चुकवत नाही. तिला पिक्चर बघून त्यावर लिहिण्याचं काम आलं आहे. पिक्चरमध्ये असभ्य नाच वगैरे असतात. धर्माच्या दृष्टीनं तिनं हे करावं की नाही? इतकं चांगलं लिहिलं होतं त्यानं माझ्याबद्दल. मग कागद खिशात घातला आणि म्हणाला, उद्या दवाखान्याजवळच्या पेटीत टाकतो, उत्तराला पत्ता दवाखान्याचाच दिलाय.

संपादकांना मी सांगितलं, थोडे दिवस थांबा. तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत मी बसून लहानपणी बघितलेले सगळे पिक्चर आठवून आठवून त्यांवर लिहून काढलं, सरावासाठी. मामानं झाकलेली गाणी वगळून.

उत्तर आलं शुक्रवारी. मामा दुपारी घरी आला तो थेट मागच्या खोलीत गेला. मी दारातून विचारलं, "आलं का रे?" तो म्हणाला, "आलंय. शब्बाथ सुटू दे, मग वाचू." शुक्रवार मावळला की आमचा हा विसाव्याचा दिवस लागतो, तो शनिवारी रात्रीच सुटतो. त्याचा चेहरा उतरलेला होता. मला वाटलं, दवाखान्यात कोणी दगावलं असेल. आई आत गेली आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली, तिनं माझ्याकडे न बघता भात लावला, कारण अंधार पडायच्या आत सगळं शिजून व्हायला हवं होतं. तो शनिवार मी कसा काढला ते माझं मला माहीत.

आकाशात तीन तारे दिसले, शब्बाथ सुटला, रीतीप्रमाणे मेणबत्ती लावली, लवंगा हुंगल्या. मामानं चष्मा लावला आणि पत्र उघडून वाचलं. असले खेळ पाहणं यहुदी मुलीला मना आहे. एकदा पाहून चूक झाली असं म्हणता येईल, पण ठरवून आठवड्याच्या आठवड्याला जाणं म्हणजे डोळ्यांना आपण होऊन मोकाट सोडणं. यात शंकेला जागा नाही. तिनं ते बंद करावं, आणि विचारल्याबद्दल देव तिचं भलं करो. एवढं वाचून त्यानं पत्राची घडी घातली. आई मेणबत्तीचं मेण नखानं खरवडत होती.

मी म्हटलं, ठीक आहे. खरंच म्हटलं, आदळआपट केली नाही. ज्याला विचारायचं त्याला विचारलं, त्यानं सांगितलं, आता उलटून बोलण्यात अर्थ नाही, अशी मी वाढलेली. मामानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात त्यानं बराच वेळ काढला नाही आणि मला त्याचंच वाईट वाटलं, की याला माझ्यासाठी किती लागतंय.

सोमवारी संपादकांकडे गेले. ते म्हणाले, "काय तरी गं तुमच्यातलं. पिक्चर बघितला तर देव रागावतो होय?" त्यावर मी काय बोलले असेन? मी त्यांना भाषण दिलं. म्हटलं, तुम्हाला हसू येईल, पण आमचे नियम काही हजार वर्षं टिकलेत ते असेच नाहीत. आम्ही थोडे आहोत, आम्ही सोडलं तर कोण पाळणार? आमच्या घरात मामांनीसुद्धा पिक्चर सोडलेत. ताठ मानेनं बोलले सगळं, आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून रडले. ते सदर मग एका बँकेतल्या माणसाला दिलं. तो प्रत्येक पिक्चरबद्दल लिहायचा की सर्वांची कामं चोख झाली आहेत.

दोन वर्षं गेली. मी कॉलेज संपवून एका शाळेत तात्पुरती शिकवत होते. साप्ताहिक बंद पडलं होतं, संपादक लेकाकडे कोल्हापूरला गेले होते. तेवढ्यात आमच्या सहा घरांपैकी एका घरातली म्हातारी वारली, एका गुरुवारी पहाटे. आमच्यात ज्या दिवशी माणूस जातो त्याच दिवशी शक्यतो दफन करतात, त्यामुळे सगळी धावपळ. आणि आमची एक रीत आहे. ज्या कागदावर देवाचं नाव हिब्रूत लिहिलेलं असेल तो फाडायचा नाही, जाळायचा नाही, केरात तर नाहीच नाही. तो एका पिशवीत साठवायचा, आणि कुणाचं दफन असलं की माणसासारखा त्या कागदांनाही शेजारी खड्ड्यात ठेवायचं. आमच्या सहा घरांची ती पिशवी आमच्याकडे असायची, मामाच्या खोलीत खुंटीला. मामा म्हातारीच्या घरी होता. आईनं मला सांगितलं, पिशवी काढ, वाळवी लागली असेल तर कागद झटकून नव्या कापडात बांध.

मी पडवीत बसून कागद झटकत होते. जुन्या प्रार्थनेच्या पुस्तकांची सुटी पानं, कुणाचा लग्नाचा करार, कॅलेंडरं. त्यात ते मुंबईचं पत्र. मराठी अक्षर, मध्ये मध्ये हिब्रू वचनं, आणि वचनांत देवाचं नाव पुरं लिहिलेलं. मला कुतूहल म्हणूनही वाचायचं नव्हतं. माझंच पत्र आहे म्हणून नुसता हात फिरवावा असं वाटलं, आणि नजर पहिल्याच परिच्छेदावर गेली.

त्या गृहस्थांनी माझ्याबद्दल लिहिलं होतं, की नजरेची कडक मनाई आहे ती पुरुषाला, बाईच्या देहाकडे बघण्याची. मुलीच्या बाबतीत तो नियम तसाच्या तसा लागत नाही. तिनं एखादी मैत्रीण बरोबर घ्यावी, असभ्य भाग आला तर उठून बाहेर यावं, आणि आपल्या उपासाच्या आणि शोकाच्या आठवड्यांत जाऊ नये. मी तिला जा असं म्हणणार नाही, पण तिला मनाई आहे असं मी लिहिलं तर ते खोटं होईल, आणि देवाच्या नावावर खोटी मनाई घालणं हेही पापच. मुलगी विचारी दिसते, तिचं तिला ठरवू द्या.

खाली लिहिलं होतं, तुमचा दुसरा प्रश्न. दुसरा प्रश्न कुठला? मामानं आम्हाला वाचून दाखवलेल्या पत्रात दुसरा प्रश्न नव्हता. पण पेटीत टाकायच्या आधी त्यानं खाली भर घातली होती, ते उत्तरावरून स्पष्ट कळत होतं. तुम्ही ज्या गृहस्थांबद्दल विचारता, जे प्रार्थनेला पुढे उभे राहतात आणि दर रविवारी तीनच्या खेळाला जातात. असले खेळ पाहणं यहुदी गृहस्थाला मना आहे. एकदा पाहून चूक झाली असं म्हणता येईल, पण ठरवून आठवड्याच्या आठवड्याला जाणं म्हणजे डोळ्यांना आपण होऊन मोकाट सोडणं. यात शंकेला जागा नाही. त्यांनी ते बंद करावं, आणि बंद होईपर्यंत पुढे उभं राहू नये, दुसऱ्या कुणाला उभं करावं. ते गृहस्थ तुम्ही स्वतःच असाल, तर विचारल्याबद्दल देव तुमचं भलं करो.

त्यानं त्याचं उत्तर मला वाचून दाखवलं होतं. गृहस्थ काढून मुलगी घातली होती आणि पुढे उभं राहण्याचं गाळलं होतं, बस्स. आणि का, तेही मला पिशवीपाशी बसल्या बसल्याच कळलं, त्याला काही फार अक्कल लागत नाही. नवा पिक्चर लागतो शुक्रवारी. शुक्रवारी संध्याकाळी आमची प्रार्थना. शनिवारी आम्ही पैशाला हात लावत नाही, तिकीट कुठलं काढणार. बाकीचे दिवस मला कॉलेज आणि त्याला दवाखाना. मग राहिला रविवार तीनचा खेळ. मी ते सदर घेतलं असतं तर दर रविवारी तीनला मी थेटरात असते, आणि मांडवीच्या म्हाताऱ्याला इंजेक्शन देणारा माझा मामाही तिथंच असता. गावात थेटरं दोनच.

केसानं गळा कापला म्हणतात ना, तो हा असा. वर देवाला नाकानं कांदे सोलून दाखवायचे. फक्त एक गोष्ट त्याला जमली नव्हती. देवाचं नाव असलेला कागद जाळायचा त्याला धीर झाला नव्हता.

त्यांच्या घरी माणूस गेलेलं, त्या दिवशी मी तोंड उघडलं नाही. पत्र काढून पोलक्यात ठेवलं, पिशवी बांधून दिली. रविवारी, म्हातारीची माती होऊन तीन दिवस झाले होते, मामा सायकलला पिशवी अडकवून निघाला. मी पाच मिनिटांनी निघाले. ज्या थेटराबाहेर त्याची सायकल दिसली त्यात शिरले. तीन रांगा पुढे, कडेच्या खुर्चीवर तो बसलेला, टोपी मांडीवर. क्लबातला नाच आला तेव्हा मी पडदा बघितलाच नाही, त्याची मान बघत होते. मान सरळ होती.

मध्यंतराला दिवे लागले आणि तो मागे वळला. मला बघितलं. पळाला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. उठून माझ्यामागून बाहेर आला, हातात शेंगदाण्याची पुडी तशीच.

मी म्हटलं, "पत्र सापडलं मला."

"पिशवीत?"

"पिशवीत."

तो म्हणाला, "जाळायला हवं होतं. तीनदा काडी ओढली मी. नाव होतं गो त्यावर."

"आणि मला खोटं वाचून दाखवताना नव्हतं होय नाव? त्याच कागदावर होतं ना?"

एवढा बाप्या माणूस, माझ्यापुढे खाली मान घालून उभा, आणि मला त्याची दया यायला हवी होती, पण नाही आली. मला त्याच्या हातातली पुडी भिरकावून द्यावीशी वाटत होती. मग तो हळूच म्हणाला, "मी खरं वाचणार होतो. सगळं सांगून मागं बसणार होतो. तुझ्या आईनं माझा हात धरला."

आत घंटा झाली. त्याची नजर पटकन दाराकडे गेली, अगदी क्षणभर, आणि मी ती बघितली. मी घरी निघाले.

आई पुढच्या खोलीत कुळीथ निवडत बसली होती. मी पत्र तिच्या सुपात ठेवलं. तिनं ते उघडलं नाही.

"तुला माहीत होतं?"

"हो," आई म्हणाली. "त्याच शुक्रवारी वाचलं मी. तो ढसाढसा रडत होता आत. म्हणाला, आज संध्याकाळीच सगळ्यांसमोर सांगतो. मी म्हटलं, खुळा आहेस का? तू मागं बसलास तर पुढं कोण उभा राहणार? लांजेवाला? त्याला हिब्रूतलं अलेफ-बेथ तरी धड येतं का? आणि भाऊचं आहे काय दुसरं? बायको नाही, पोर नाही. शुक्रवारी पुढं उभा राहतो तेवढीच त्याची किंमत आहे या जगात. ती गेली असती तर तो जगला नसता गो."

"आणि माझं काय?"

"तुझं काय जायचंय? तू आज ना उद्या सासरी जाणार. चार महिने लिहिलं असतंस नि सुटलं असतं."

ती अगदी शांतपणे बोलत होती, एकीकडे खडे वेचत. मला वाटलं होतं ती दचकेल, रडेल, माफी मागेल. तिनं दोन वर्षं हे मनात ठेवून मला जेवायला वाढलं होतं, माझ्या केसांना तेल लावलं होतं, मी शाळेच्या नोकरीवर चिडचिड केली की "होईल गो सवय" म्हटलं होतं. मामाचं एक वेळ समजू शकत होते मी, तो स्वतःला वाचवत होता. हिनं मात्र बसून दोघांना तोललं होतं, आणि तिच्या पारड्यात मी हलकी भरले होते.

मी म्हटलं, "आई, मला विचारायचंस तरी. मला खरं सांगून विचारलं असतंस, की मामासाठी सोड, तर मी सोडलं असतं. हसत सोडलं असतं."

आईनं पहिल्यांदा वर बघितलं. तिला खरोखरच कळलं नव्हतं मी कशासाठी भांडतेय.

"मग झालंच की," ती म्हणाली. "सोडलंसच ना."

मग तिनं सुपातून ते पत्र उचललं, पदरानं त्यावरचा कुळथाचा भुसा पुसला, आणि ते जपून मामाच्या खोलीतल्या नव्या पिशवीत नेऊन ठेवलं.

त्या शुक्रवारी नेहमीसारखे सगळे जमले. लांज्याचा आला. म्हातारीचा मुलगा, ज्याला तिच्यासाठी प्रार्थना म्हणायची होती, तो दाढी वाढलेला पुढच्या रांगेत होता. मामा पुढे उभा राहिला. एकदा त्यानं वळून आम्हा बायकांकडे बघितलं, मला शोधलं, आणि मग पुस्तक उघडून वाचायला लागला. आवाज फार गोड होता त्याचा, ते मी आजही नाकारणार नाही. जिथे जिथे आमेन म्हणायचं तिथे सगळे म्हणाले, आई माझ्या शेजारी सगळ्यांहून मोठ्यानं म्हणाली. मी ओठ आवळून धरले होते. सबंध प्रार्थनाभर एकदाही मी आमेन म्हटलं नाही, आणि ते कुणालाही जाणवलं नाही. जाणवायचं कारणही नव्हतं. दहा पुरुष भरले होते, आणि त्या दहांत बायका मोजत नाहीत.